'जॉर्जियन', 'चिपेंडेल', 'मॅरिज': जुन्या फर्निचरचं वर्णन कसं वाचायचं

तुम्ही लिलावाच्या यादीतली एक ओळ उतरवून पाठवली आहे: "तिसऱ्या जॉर्जच्या काळातलं महोगनीचं चेस्ट-ऑन-चेस्ट, चिपेंडेल धाटणी, ब्रॅकेट पाय, मुठी नंतरच्या, मॅरिज असण्याची शक्यता." आणि विचारलंय की ही वस्तू जॉर्जियन की चिपेंडेल, दोन्ही एकदम कसं असेल, आणि लाकडी खणांच्या वस्तूचं लग्न कुणाशी लागतं.

जुनं फर्निचर उघडून, जोडून, पुन्हा उभं करण्यात माझी तीसेक वर्षं गेली. लोक सगळ्यात जास्त अडखळतात ते नेमके इथेच. या एका ओळीतले शब्द तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगतात आणि वाचणारा ते सगळे वय सांगतात असं धरून चालतो. घाट, धाटणी आणि काळ या तीन गोष्टी मनात वेगळ्या ठेवा. वस्तू काय आहे तो घाट, ती कशासारखी दिसते ती धाटणी, आणि ती प्रत्यक्षात कधी घडली तो काळ. तुमच्या ओळीत 'चेस्ट-ऑन-चेस्ट' (एकावर एक ठेवलेली खणांची दोन कपाटं) हा घाट, 'चिपेंडेल' ही धाटणी आणि 'तिसऱ्या जॉर्जच्या काळातलं' हा काळाचा दावा. त्यामुळे वस्तू एकाच वेळी जॉर्जियनही, म्हणजे इंग्लंडच्या जॉर्ज राजांच्या काळातली, असू शकते आणि चिपेंडेलही. कारखान्यात गेल्या वर्षी बनलेली खुर्चीसुद्धा धाटणीने चिपेंडेल असते.

म्हणून व्यवहारात 'पिरियड' आणि 'स्टाईल' हे दोन शब्द जपून वापरतात. 'पिरियड' म्हणजे ज्या काळाची धाटणी त्याच काळात घडलेली वस्तू. 'स्टाईल' म्हणजे नुसतं रूप तसं, वय काहीही असेल. 'जॉर्ज तिसरा' असं नुसतं लिहिलं असेल तर विकणारा काळाची जबाबदारी घेतो आहे. 'जॉर्ज तिसरा स्टाईल' लिहिलं की त्याने हात झटकले. आणि तिसरा जॉर्ज गादीवर होता १७६० ते १८२०, म्हणजे साठ वर्षं. तेवढ्यात फॅशन तीनदा पालटली. त्यामुळे दावा खरा असला तरी ढोबळच.

आता चिपेंडेल. थॉमस चिपेंडेल हा यॉर्कशरमधल्या ऑट्लीचा, जन्म १७१८. पुढे लंडनला सेंट मार्टिन्स लेनमध्ये त्याची मोठी कार्यशाळा होती. पण त्याचं नाव जगभर गेलं ते खुर्च्यांमुळे नव्हे, पुस्तकामुळे. १७५४ मध्ये त्याने 'द जेंटलमन अँड कॅबिनेट-मेकर्स डायरेक्टर' हा नमुन्यांचा ग्रंथ काढला. पहिल्या आवृत्तीत १६० चित्रं होती, १७६२ च्या तिसऱ्या आवृत्तीत २००. रोकोकोची लडिवाळ वळणं, गॉथिक कमानी, चिनी जाळ्या, सगळं त्यात. ज्याच्याकडे पुस्तक त्याने त्यातून खुर्ची बनवावी, आणि लोकांनी बनवल्याही: लंडनबाहेर, आयर्लंडमध्ये, अटलांटिकपलीकडे फिलाडेल्फियात. स्वतः चिपेंडेल आपल्या कामावर शिक्का मारत नसे. त्याच्या कार्यशाळेतल्या वस्तू आज ओळखल्या जातात त्या बहुतेक जुन्या बिलांवरून आणि पत्रव्यवहारावरून; हेअरवुड हाऊस, नॉस्टेल प्रायरी, डम्फ्रीझ हाऊस इथे त्या आहेत. बाकी जगभर 'चिपेंडेल' म्हणून जे फिरतं ते पुस्तकाचं गोत्र सांगतं, हाताचं नाही.

त्याच शतकातली दुसरी दोन मोठी नावं, हेपलव्हाइट आणि शेरेटन, यांची कथा तर याहून गमतीची. जॉर्ज हेपलव्हाइट १७८६ मध्ये वारला. त्याच्या नावाचं नमुन्यांचं पुस्तक त्याची विधवा ॲलिस हिने १७८८ मध्ये छापलं. त्याने स्वतः घडवलेली म्हणून खात्रीने दाखवता येईल अशी एकही वस्तू नाही. ढालीच्या आकाराची पाठ असलेली खुर्ची दिसली की लोक 'हेपलव्हाइट' म्हणून मोकळे होतात. थॉमस शेरेटनचं पुस्तक १७९१ ते १७९४ या काळात भागाभागाने आलं. त्याच्याही हातची म्हणून ठामपणे सांगता येईल अशी वस्तू नाही. म्हणजे इंग्रजी फर्निचरची तीन सगळ्यात मोठी नावं ही मुळात तीन पुस्तकांची नावं आहेत. कुणी 'अस्सल शेरेटन' म्हणालं की मी तरी आधी हसून घेतो.

राजा-राण्यांच्या नावांचंही तसंच, फक्त इथे घोटाळा वेगळ्या बाजूने. राणी ॲनची कारकीर्द १७०२ ते १७१४. पण जिला आपण बघताक्षणी 'क्वीन ॲन' म्हणतो, ती वळणदार पायांची आणि फुलदाणीच्या आकाराच्या पाठफळीची अक्रोडाची खुर्ची, तिचा खरा बहर राणी गेल्यावर, पहिल्या जॉर्जच्या काळातला. अमेरिकेत ती धाटणी आणखी उशिरा पोचली आणि १७५० पर्यंत तरी सहज चालली. 'जॉर्जियन' म्हणजे १७१४ ते १८३०, चार जॉर्ज मिळून. 'रीजन्सी', म्हणजे राजाऐवजी युवराजाने कारभार पाहिला तो काळ, राजकारणात १८११ ते १८२० एवढीच, पण फर्निचरवाले १७९५ च्या सुमारापासून १८३० पर्यंत सगळ्याला तेच म्हणतात. 'व्हिक्टोरियन' १८३७ ते १९०१, आणि त्यात तर मागच्या सगळ्या धाटण्या पुन्हा एकदा बनवल्या गेल्या. अमेरिकेत १८७६ च्या स्वातंत्र्याच्या शताब्दीनंतर जुन्या धाटण्यांची अशीच लाट आली. त्या वस्तूंना 'सेंटेनियल' म्हणतात. आज त्या स्वतःच शंभरी ओलांडून बसल्यात, म्हणजे नक्कल असूनही अँटिक. इथे वाद घालण्यात अर्थ नाही: अँटिकची आजची रूढ व्याख्या शंभर वर्षांची आहे, अस्सलपणाची नाही. अमेरिकेच्या १९३० च्या जकात कायद्यात मात्र १८३० पूर्वीचंच ते अँटिक असं धरलं होतं. यंत्राने फर्निचर बनू लागण्याआधीचा तो काळ. शंभर वर्षांचा नियम तिथे १९६६ मध्ये आला. मला विचाराल तर जुनी रेघ जास्त शहाणी होती.

फ्रेंच बाजूला जाताना एकच सावधगिरी: इंग्रजांची 'रीजन्सी' आणि फ्रेंचांची 'रेजाँस' यांत शंभरेक वर्षांचं अंतर आहे. रेजाँस म्हणजे चौदावा लुई १७१५ मध्ये गेल्यानंतरची आठ वर्षं. लुई राजांच्या नावाच्या धाटण्यांसाठी कामचलाऊ खूण पुरते. सरळपणा आणि दिमाख, कासवाच्या पाठीत पितळ बसवलेलं आंद्रे-शार्ल बूलचं जडावकाम, तो चौदावा. सगळीकडे वळणं, एकही रेघ सरळ नाही, तो पंधरावा. पाय पुन्हा सरळ, निमुळते, खाली उतरणाऱ्या पन्हळी कोरलेले, तो सोळावा. पॅरिसमध्ये कारागिरांच्या संघाचे नियम कडक होते: भरीव लाकडात खुर्च्या करणारा 'मेन्युइझिए' वेगळा आणि व्हिनीअर, म्हणजे भारी लाकडाचा पातळ पापुद्रा, चढवणारा 'एबेनिस्त' वेगळा. अठराव्या शतकाच्या मध्यापासून १७९१ मध्ये हे संघ बंद होईपर्यंत तिथल्या उस्तादाला आपल्या नावाचा ठसा लाकडावर उमटवावा लागे. हा ठसा खुर्चीच्या बैठकीखालच्या पट्टीवर किंवा कपाटाच्या वरच्या कडेला, संगमरवराखाली सापडतो. अर्थात ठसा खोटाही मारता येतो, आणि राजाच्या कार्यशाळांतल्या कारागिरांना तो सक्तीचा नव्हता.

धाटणी ओळखायची तर पायांपासून सुरुवात करा, पाठ आणि कोरीवकाम नंतर. कॅब्रिओल पाय म्हणजे गुडघा बाहेर, घोटा आत, प्राण्याच्या मागच्या पायासारखा. आधी त्याच्या टोकाला साधी गोल गादी असे, ती 'पॅड'. मग पंजाने धरलेला चेंडू आला, 'क्लॉ अँड बॉल'. चिपेंडेलच्या काळात बरोबरीने चौकोनी सरळ पायही चालू होता. हेपलव्हाइटच्या सुमारास तो खाली निमुळता झाला, कधी टोकाला फावड्यासारखा जाड ठोकळा आला, तो 'स्पेड'. शेरेटनकडे कातीव, गोल, बारीक पाय जास्त. रीजन्सीत तलवारीसारखा बाहेर वाकलेला 'सेबर' पाय. तो प्राचीन ग्रीक खुर्चीवरून उचललेला. व्हिक्टोरियन काळात पुन्हा कातीव, पण पोटऱ्या सुटलेला. खणांच्या वस्तूंना सतराव्या शतकाच्या शेवटी चपट्या गोळ्यांसारखे 'बन' पाय होते. मग तुमच्या ओळीतले 'ब्रॅकेट' आले: कोपऱ्यात दोन फळ्या काटकोनात जोडून खालून वळण कापलेले.

पण पाय फक्त एवढंच सांगतात की वस्तू याच्या आधीची नाही. नंतरची कितीही असू शकते. तारीख ठरते ती वस्तूत मुळापासून असलेल्या सगळ्यात नव्या गोष्टीवरून. आणि ब्रॅकेट पाय तर साक्षीला फार कच्चे. ओलसर दगडी फरशीवर दोनशे वर्षं उभं राहिल्यावर ते सडतात, किडा लागतो, आणि कुणीतरी नवे ठोकून देतो. मी हाताळलेल्या जुन्या चेस्टपैकी कितींचे पाय मूळचे होते याचा हिशेब केला तर विकणारे नाराज होतील.

घाटांच्या नावांत फार गुंतू नका, पण चारदोन सापळे आहेत. 'चेस्ट-ऑन-चेस्ट' म्हणजे खणांच्या एका चेस्टवर दुसरं, थोडं अरुंद. इंग्लंडात त्यालाच 'टॉलबॉय' म्हणतात. अमेरिकेतला 'हायबॉय' वेगळा, त्यात खालचा भाग उंच पायांच्या टेबलासारखा असतो. 'ब्युरो' इंग्लंडात उतरत्या झाकणाचं लिहायचं मेज, अमेरिकेत झोपायच्या खोलीतलं खणांचं चेस्ट. 'डॅव्हनपोर्ट' इंग्लंडात बाजूला खण असलेलं छोटं मेज. लँकेस्टरच्या गिलोज कंपनीच्या जुन्या वह्यांत कुणा कॅप्टन डॅव्हनपोर्टसाठी असं मेज केल्याची नोंद आहे, तिथून ते नाव आलं असं मानतात. अमेरिकेत डॅव्हनपोर्ट म्हणजे सोफा. 'कमोड' फ्रेंचांकडे दिवाणखान्यात मिरवायचं बुटकं खणांचं कपाट. इंग्रजांनी पुढे त्या शब्दाचं काय केलं ते सांगायला नको. आणि हाताखालची बाजू गादीने बंद असेल तर ती खुर्ची 'बेर्जेर', मोकळी असेल तर 'फोतॉय'.

आता खरं काम. धाटणी समोरून दिसते, काळ मागून, खालून आणि आतून. एक खण पूर्ण बाहेर ओढा, खिडकीशी न्या आणि उलटा करा.

पुढची फळी आणि बाजूची फळी जिथे मिळतात तिथे कबुतराच्या शेपटीसारखे दाते एकमेकांत बसलेले दिसतील, ते डव्हटेल. हाताने कापलेले असतील तर सगळे सारखे नसतील. कडेजवळ बारीक टोच्याने ओढलेली आखणीची रेघ दिसेल आणि कुठेतरी करवत रेघेच्या किंचित पुढे गेलेली असेल. सतराव्या शतकाच्या शेवटी दाते मोजके आणि जाडजूड. अठराव्या शतकात ते बारीक होत गेले, इंग्लंडच्या चांगल्या कामात दोन दात्यांमधली खुंटी टोकाला जेमतेम करवतीच्या पात्याएवढी. सगळे दाते मापात एकसारखे असतील तर यंत्र, म्हणजे एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध किंवा त्यानंतर. चंद्रकोरीत एकेक गोल खुंटी असा नक्षीदार सांधा दिसला तर तो अमेरिकेतला नॅप सांधा, साधारण १८७० ते १९०० मधला.

मग खणाचा तळ बघा. इंग्रजी कामात अठराव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांपर्यंत तळफळीच्या रेषा पुढून मागे जातात, नंतर डावीकडून उजवीकडे. फळीवर करवतीच्या खुणा असतील. सरळ आणि वेड्यावाकड्या अंतराने असतील तर हातकरवत. वर्तुळाचे तुकडे असावेत तशा कमानदार असतील तर गोल करवत, म्हणजे साधारण १८३० नंतरचं. खणाच्या बाजूंचा खालचा काठ घासून खाली गेलेला हवा आणि ज्या पट्ट्यांवर खण सरकतो त्यांत तेवढाच घसा हवा. खण झिजलेला आणि पट्टी कोरी असेल तर तो खण दुसरीकडून आलाय किंवा पट्टी बदलली आहे.

पुढच्या फळीच्या आतून मुठींची भोकं मोजा. एका मुठीला दोन भोकं चालू असतील आणि शेजारी आणखी दोन बुजवलेली असतील, तर मुठी बदलल्या. तुमच्या यादीत ते प्रामाणिकपणे लिहिलंच आहे आणि त्यात चिंता करण्यासारखं काही नाही. फॅशन बदलली की लोक मुठी बदलत. पण बुजवलेली भोकं फळीच्या आत दिसतात आणि बाहेरच्या व्हिनीअरवर त्यांचा मागमूस नाही, असं असेल तर व्हिनीअर नंतर चढवलं आहे. हे मात्र चिंतेचं.

स्क्रू एखादा सैल असेल तर काढून बघा. हाताने घासलेल्या जुन्या स्क्रूचं टोक बोथट, आटे ओबडधोबड आणि डोक्यावरची खाच मधोमध नसते. टोकदार स्क्रू १८४० च्या दशकाच्या आधी नाहीत. तारेचे गोल खिळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सर्रास झाले.

आणि गोल टेबल समोर आलं तर टेप काढा. लाकूड लांबीत जवळजवळ आटत नाही, रुंदीत आटत राहतं. दोनशे वर्षांचं गोल टेबल रेषांच्या दिशेने आणि रेषांना आडवं मोजलं तर फरक पडतो. साधारण तीन फूट व्यासाला अर्धा-पाऊण सेंटिमीटर सहज. अगदी बिनचूक गोल असेल तर प्रश्न विचारायला सुरुवात करा.

व्हिनीअर म्हणजे स्वस्तातलं, हा समज प्लायवुडने करून दिला. अक्रोडाच्या गाठींचं ते ढगांसारखं लाकूड भरीव वापरलं तर वाकतं, तडकतं; ते दाखवायचं तर पातळ कापून साध्या लाकडावर चढवण्याशिवाय इलाज नाही. उत्तम कारागीर व्हिनीअरच वापरत. हाताने कापलेलं व्हिनीअर काडेपेटीच्या काडीएवढं जाड असू शकतं. यंत्राने सोललेलं एक मिलिमीटरही भरत नाही. कड कुठे उडाली असेल तिथे जाडी बघता येते. महोगनीबद्दल एवढंच, की इंग्लंडने १७२१ मध्ये वसाहतींच्या लाकडावरची जकात उठवली आणि त्यानंतर कॅरिबियन महोगनीने हळूहळू अक्रोडाला मागे सारलं. राणी ॲनच्या काळातलं म्हणून महोगनीचं काही पुढे केलं तर भुवया उंचवा.

'पॅटिना' हा शब्द विकणारे पोतंभर वापरतात. मेण, हात, धूळ, ऊन आणि शेकडो वेळा मारलेलं फडकं यांनी पृष्ठभागाला जी खोली येते ती पॅटिना. शिकाऊ असताना माझ्याकडे एक छोटं, दोन्ही बाजूंनी पानं उघडणारं पेम्ब्रोक टेबल आलं होतं. वर शाईचा डाग होता. तो काढायचा म्हणून मी पॉलिशपेपरने पूर्ण माथा घासून लखलखीत केला आणि वर चपड्याचं पॉलिश चढवलं. उस्तादांनी बराच वेळ त्यावर बोट फिरवलं आणि म्हणाले, "डाग गेला. टेबलही गेलं." तो रंग पुन्हा आणायला दोनशे वर्षं लागतात. शिवाय फ्रेंच पॉलिश इंग्लंडात १८२० च्या आसपास रुळलं. त्याआधीच्या वस्तूंवर तेल, मेण किंवा वॉर्निश असे. आरशासारखा चकाकणारा 'सतराशे पन्नासचा' माथा याचा अर्थ कुणीतरी माझ्यासारखाच उत्साही होता. आतलं लाकूड, खणांच्या बाजू, पाठफळ्या मात्र कोरड्याच हव्यात. मूळ कारागीर आत रंग देत नसे. आत गडद रंग मारलेला दिसला की काहीतरी झाकलंय.

राहिलं लग्न. 'मॅरिज' म्हणजे दोन वेगळ्या वस्तूंचे भाग एकत्र आणून केलेली एक वस्तू: एका ब्युरोवर दुसऱ्याच बुककेसचा वरचा भाग, किंवा दोन चेस्टांची जोडी. उरलेल्या अर्ध्याला थट्टेने 'डिव्होर्स्ड' म्हणतात. भाग एकाच वयाचे असले तरी ते लग्नच. यादीत 'असोसिएटेड' लिहिलं असेल तर तेच, जरा सभ्य भाषेत. 'अठराव्या शतकातलं आणि नंतरचं' असं वाचलंत तर त्यातला 'नंतरचं' हा शब्द दोनदा वाचा. 'लेटर कार्व्ह्ड' म्हणजे वस्तू जुनी आणि साधी, कोरीवकाम नंतर कुणी भाव वाढवायला केलेलं. खऱ्या जुन्या कामात कोरीव भाग फळीच्या पातळीच्या वर उठलेला असतो, कारण त्यासाठी लाकूड आधीच जाड ठेवलेलं असतं. नंतरचं कोरीवकाम आत खणलेलं दिसतं.

तुमच्या चेस्ट-ऑन-चेस्टकडे जाल तेव्हा बॅटरी आणि टेप न्या. वरचा भाग दोघांनी धरून उचलायला सांगा, आणि खालच्या चेस्टचा माथा बघा. जोडी मूळची असेल तर तो माथा कधी दिसणारच नव्हता, म्हणून तिथे साधं लाकूड हवं, व्हिनीअर आणि पॉलिश नको. ते असेल तर तो चेस्ट एकटा जन्मला होता. वरच्या भागाचा माथाही डोळ्यांच्या वर असल्याने बहुधा बिनपॉलिशचा असतो. मग मागे जा: दोन्ही भागांच्या पाठफळ्या एकाच लाकडाच्या, एकाच रंगाच्या आणि एकाच पद्धतीने ठोकलेल्या आहेत का. शेवटी वरचा एक खण आणि खालचा एक खण शेजारी शेजारी उलटे ठेवा. एका कार्यशाळेने केलेले असतील तर दाते एकाच हाताचे, तळफळ्या एकाच पद्धतीच्या, बाजूंची जाडी सारखी. तीन फरक सापडले तर 'शक्यता' हा शब्द खोडून टाका आणि दोन साध्या चेस्टांचा भाव धरूनच बोली लावा. वापरायला ती वस्तू तरीही उत्तम असेल. माझे कपडे अशाच एका लग्नात ठेवलेले आहेत.